प्रसूतिविद्येची अध्यापिका महाजालावर येते तेव्हा

चेन्नईच्या दक्षिण भागातील अड्यार मराठी वाचकांना परिचित आहे ते प्रामुख्याने थिऑसॉफिकल सोसायटीच्या मुख्यालयामुळे. याच परिसराला लागून १९५९ मध्ये स्थापन झालेली मद्रास येथील भारतीय तंत्रज्ञान संस्था अर्थात आयआयटी आहे. तेथून जवळच डॉ. के. एस. संजीवी यांनी १९५८ मध्ये सुरू केलेल्या ‘व्हॉलंटरी हेल्थ सर्व्हिसेस’ या संस्थेचे रुग्णालय असून त्याच्या आवारात परिचर्या महाविद्यालयही आहे. देशातील दूरस्थ अध्यापनाच्या दोन टोकांचे दर्शन या परिसरात घडते. सात आयआयटी आणि बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था यांनी मिळून २००३ मध्ये हाती घेतलेल्या ‘एनपीटेल’ या उपक्रमाचे केंद्र मद्रास आयआयटीमध्ये आहे आणि अभियांत्रिकीची हजारो व्याख्याने तेथून घरोघरी पोहोचली आहेत. दुसरीकडे प्रसूतिविद्या मात्र आजही गर्भवतीच्या खाटेशेजारी उभे राहून, शिक्षिकेच्या हाताखाली शिकली जाते.

या दुसऱ्या विद्येलाही संगणकाच्या पडद्यासमोर यावे लागले ते २०२० मध्ये. जागतिक आरोग्य संघटनेने ते वर्ष परिचारिका आणि प्रसाविका यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून जाहीर केले होते. त्याच वर्षी मार्चमध्ये टाळेबंदी लागू झाली, महाविद्यालये बंद झाली आणि विद्यार्थिनी गावोगावी परतल्या. आयुष्यभर फळा, बाहुली आणि प्रसूतिकक्ष यांच्या आधारे शिकविणाऱ्या अध्यापिकांना काही दिवसांतच भ्रमणध्वनीच्या कॅमेऱ्यासमोर उभे राहावे लागले. समोर विद्यार्थिनींच्या चेहऱ्यांऐवजी नावे लिहिलेल्या काळ्या चौकटी होत्या. एकच फोन भावंडांमध्ये वाटून घेणाऱ्या विद्यार्थिनी त्यांत होत्या, तशाच जाळे मिळावे म्हणून गच्चीवर बसणाऱ्याही होत्या.

प्रसूतिविद्येतील काय पडद्यावरून शिकविता येते, याचे उत्तर वाटते तितके सरळ नाही. गर्भवतीच्या पोटावर हात ठेवून बाळाचे डोके कोठे आहे हे ओळखणे, आतून तपासणी करून गर्भाशयमुख किती सेंटिमीटर उघडले ते सांगणे, न रडणाऱ्या नवजात बाळाला पिशवी व मास्कच्या साह्याने श्वास देणे, ही कौशल्ये बोटांची आहेत. चित्रफीत कितीही स्पष्ट असली तरी हाताला लागणारा कठीणपणा किंवा मऊपणा तिच्यातून कळत नाही. याउलट, काही गोष्टी पडद्यावर अधिक चांगल्या दिसतात. श्रोणीच्या सांगाड्यातून बाहुलीचे डोके कसे वळत बाहेर येते, हे वर्गातील मागच्या बाकावरून नीट दिसत नसे. टेबलाच्या वर कॅमेरा बांधला की ते प्रत्येकीला सारखेच दिसते. फुग्यात टेबल टेनिसचा चेंडू घालून गर्भाशयमुख कसे पातळ होत उघडते, हे दाखविण्याची जुनी युक्तीही घरी करून पाहता येते.

‘पार्टोग्राफ’ हा विषय तर पडद्याला विशेष मानवणारा. प्रसूती पुढे सरकते आहे की अडली आहे, हे दर्शविणारा हा आलेख. अमेरिकेतील इमॅन्युएल फ्रिडमन यांनी १९५० च्या दशकात कळांच्या प्रगतीची वक्ररेषा मांडली. १९७२ मध्ये तत्कालीन ऱ्होडेशियात फिलपॉट आणि कॅसल यांनी तिच्यावर सावधानतेची व कृतीची अशा दोन रेषा आखल्या. जागतिक आरोग्य संघटनेने आग्नेय आशियात ३५,४८४ महिलांच्या प्रसूतींमध्ये हा आलेख वापरून पाहिला. १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार १८ तासांहून अधिक काळ लांबणाऱ्या प्रसूतींचे प्रमाण ६.४ टक्क्यांवरून ३.४ टक्क्यांवर आले. डॉक्टर दूर असलेल्या प्रसूतिगृहातील परिचारिकेला गर्भवतीला मोठ्या रुग्णालयात कधी हलवावे, हे हा कागद सांगतो. अध्यापिकेने व्हॉट्सॲपवर दर तासाची नोंद पाठवावी, विद्यार्थिनींनी ती आलेखावर भरावी आणि निर्णय लिहून कळवावा, अशा रीतीने हा धडा साध्या फोनवरही होऊ शकतो. किंबहुना, रात्री दोन वाजता येणारी नोंद खऱ्या पाळीच्या अधिक जवळ जाणारी आहे!

मात्र येथे अध्यापिकेलाच पुन्हा विद्यार्थिनी व्हावे लागले. पूर्वी गर्भाशयमुख चार सेंटिमीटर उघडले की सक्रिय अवस्था सुरू झाली, असे मानले जाई आणि पुढे दर तासाला एक सेंटिमीटर प्रगती अपेक्षित असे. आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या शिफारशींनी ही सुरुवात पाच सेंटिमीटरवर नेली आणि केवळ ताशी एक सेंटिमीटरचा वेग गाठला नाही म्हणून हस्तक्षेप करू नये, असे स्पष्ट केले. डिसेंबर २०२० मध्ये, साथ सुरू असतानाच, जुन्या आलेखाऐवजी नवी प्रसूती देखभाल मार्गदर्शिका प्रसिद्ध झाली. सोबतीला कोणी आहे का, वेदनाशमनाची सोय आहे का, बाळंतीण होणारी स्त्री पाणी पिते आहे का, हेही आता नोंदवावयाचे आहे. पाठ्यपुस्तकाची नवी आवृत्ती निघेपर्यंत अशी माहिती पूर्वी वर्गात पोहोचत नसे. ऑनलाइन परिसंवादांमुळे हा विलंब मोठ्या प्रमाणात टळू शकतो.

समाजमाध्यमांचा प्रश्न याहून गंभीर आहे, कारण तेथे अध्यापिका येण्याआधीच इतर पोहोचले आहेत. जुलै २०१८ मध्ये तमिळनाडूतील तिरुप्पूर येथे चित्रफिती पाहून घरीच प्रसूती करण्याच्या प्रयत्नात एका महिलेचा अतिरक्तस्रावाने मृत्यू झाला. नोव्हेंबर २०२४ मध्ये चेन्नईलगतच्या कुंद्रत्तूर येथे एका जोडप्याने व्हॉट्सॲप समूहावरील सल्ल्याच्या आधारे घरी प्रसूती केल्याचे उघड झाले. त्या समूहात हजाराहून अधिक सदस्य होते. सुदैवाने माता व बाळ सुखरूप राहिले आणि आरोग्य अधिकाऱ्यांच्या तक्रारीनंतर पोलिसांनी चौकशी केली.

ज्या राज्यात २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार ९९.६ टक्के प्रसूती रुग्णालयात होतात, तेथे हे घडावे याला कारण आहे. याच पाहणीत तमिळनाडूतील शस्त्रक्रियेने होणाऱ्या प्रसूतींचे प्रमाण ४४.९ टक्के आढळले. महाराष्ट्रात ते २५.४ टक्के होते. शस्त्रक्रियेची धास्ती घेतलेले कुटुंब नैसर्गिक प्रसूतीविषयी प्रश्न विचारते आणि उत्तर देणारे प्रशिक्षित माणूस न भेटल्यास अप्रशिक्षिताचे ऐकते. केवळ अज्ञान म्हणून या कुटुंबांना दोष देणे सोपे आहे, पण पुरेसे नाही. त्यांचा प्रश्न प्रसाविकेच्याच अखत्यारीतला आहे. देशातील मातामृत्यूचे प्रमाण २०१८-२० या काळात दर एक लाख जिवंत जन्मांमागे ९७, तमिळनाडूत ५४, तर महाराष्ट्रात ३३ होते आणि अतिरक्तस्राव हे मातामृत्यूचे एक प्रमुख कारण आहे. वार पडल्यानंतर रक्तस्राव थांबत नसेल तर हाती असलेला वेळ फार थोडा असतो. अशा वेळी १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी, हे सांगणारी दोन मिनिटांची तमिळ किंवा मराठी चित्रफीत अनुभवी अध्यापिकेने केली, तर ती त्याच फोनवर पोहोचते.

या माध्यमाचे पथ्यही कडक आहे. प्रसूतिकक्षातील छायाचित्र, मग त्यात चेहरा दिसत नसला तरी, त्या स्त्रीच्या संमतीवाचून बाहेर जाता कामा नये. विद्यार्थिनीने हौसेने काढलेले नवजात बाळाचे छायाचित्रही याला अपवाद नाही. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणासाठी २०२३ मध्ये संसदेने कायदा संमत केला असला, तरी हा नियम परिचर्येच्या शिकवणुकीत त्याहून जुना आहे.

केंद्र सरकारने डिसेंबर २०१८ मध्ये जाहीर केलेल्या प्रसाविका सेवाविषयक मार्गदर्शक तत्त्वांत नोंदणीकृत परिचारिकांसाठी १८ महिन्यांचा विशेष अभ्यासक्रम आणि तो शिकविणाऱ्या प्रसूतिविद्या अध्यापकांचा स्वतंत्र वर्ग यांची तरतूद आहे. या अध्यापिकांना एकमेकींशी जोडणारी व्यासपीठे जगात आधीपासून आहेत. ५ मे या आंतरराष्ट्रीय प्रसाविका दिनानिमित्त २००९ पासून स्वयंसेवी प्रसाविका महाजालावर चोवीस तासांची विनामूल्य परिषद भरवीत आल्या आहेत. एका देशात रात्र झाली की दुसऱ्या देशातील प्रसाविका सूत्रे हाती घेते. तेथे व्याख्यान ऐकणाऱ्या अध्यापिकेला दुसऱ्या दिवशी मात्र प्रसूतिकक्षातच जावे लागते, कारण विद्यार्थिनीच्या नोंदवहीवरील सही तिचे हात प्रत्यक्ष पाहिल्यावरच होते.