ट्रेलर घेण्याआधी काट्यावर जा : 18 चक्का, 22 चक्का आणि फ्लॅटबेडचं गणित

ज्यांना गाडीच्या आवाजात धड ऐकू येत नाही, त्यांच्यासाठी हा भाग लिहून देतोय. रेकॉर्डिंग नेहमीसारखंच रामदासपेठेत, मित्राच्या खोलीत. इथं आजूबाजूला सगळे दवाखाने, त्यामुळे मधेमधे ॲम्ब्युलन्स वाजत होती. लिहिण्यात तेवढी सुटका!

आजचा विषय एका मेसेजमुळे निघाला. हिंगण्याकडचा एक पोरगा, सात वर्षं दुसऱ्याची गाडी चालवली, आता स्वतःची घ्यायची म्हणतो. लिहितो, "दादा, 40 फुटी फ्लॅटबेड स्वस्तात मिळतोय. आईचं सोनं ठेवून सोमवारी टोकन देतो. घेऊ का?"

भाऊ, सोमवारी टोकन देऊ नको. आधी हे ऐक.

मी स्वतः 18 चक्का चालवतो. मालक मीच, ड्रायव्हरही मीच. पहिला ट्रेलर मी असाच घेतला होता : जुना, स्वस्त आणि "एकदम मजबूत". मजबूत काहून होता, ते पहिल्यांदा रिकामा काट्यावर नेला तेव्हा कळलं. माझी रिकामी गाडी भरली 16 टन. ओळखीतल्या एकाची तशीच गाडी होती 14.5 टन. आधीच्या मालकानं जागोजागी जाड प्लेटा मारून ठेवल्या होत्या.

आता दीड टनानं काय होतं, ते बघा.

जुलै 2018 मध्ये केंद्रानं एक्सलवरचं वजन वाढवून दिलं. 18 चक्का म्हणजे पुढच्या हॉर्सला 6 टायर आणि मागं तीन एक्सलच्या ट्रेलरला 12. पुढचा एक्सल 7 टन, हॉर्सचा मागचा 11.5 टन, ट्रेलरचे तीन मिळून 27 टन. बेरीज 45.5 टन. पण यात गाडीचं स्वतःचं वजनही आलं. म्हणजे त्याच्या गाडीत 31 टन माल बसतो, माझ्यात 29.5. समजा टनाला 1,500 रुपये भाडं आहे. दर खेपेला 2,250 रुपये गेले. महिन्याला आठ खेपा धरल्या तर 18,000. हप्ता दोघांचाही भरायचाच आहे, पण मी दर महिन्याला तेवढं लोखंड फुकट फिरवत होतो.

"मग दीड टन जास्त भरायचा" असं म्हणू नका, राजेहो. मोटार वाहन कायद्यात ओव्हरलोडला 20,000 रुपये दंड आहे, वर प्रत्येक जादा टनाला 2,000. शिवाय जादा माल तिथंच उतरवायचा, तोही आपल्या खर्चानं.

म्हणून पहिली गोष्ट : ट्रेलरची किंमत विचारण्याआधी त्याचं रिकामं वजन विचारा. आणि तोंडी सांगितलेलं धरू नका, काट्याची पावती बघा.

दुसरी गोष्ट, माल. फ्लॅटबेड म्हणजे भिंती नसलेला सपाट पाट. क्रेननं, फोर्कलिफ्टनं बाजूनं भरता येतो. प्लेट, अँगल, पाइप, मशिनरी, सळ्या यासाठी उत्तम. सळई साधारण 12 मीटरची येते, म्हणजे 39 फूट 4 इंच. म्हणूनच 40 फुटी पाट लागतो. आखूड पाटावर सळई बाहेर लोंबली की पुन्हा 20,000 चा दंड. आणि दंडाचं सोडा, रात्री मागून येणाऱ्या बाइकवाल्याला ती सळई दिसत नाही.

आपलं नागपूर देशाच्या मधोमध. भिलाई-रायपूरकडून लोखंड येतं, समृद्धीनं जालन्याला जाता येतं, तिथल्या कारखान्यांतून सळ्या निघतात. ऐकायला मस्त वाटतं. पण जालन्याला जाताना भंगार मिळालं तर? ते फ्लॅटबेडवर भरता येत नाही, त्याला उंच भिंती लागतात. सिमेंटच्या गोण्यांनाही बाजूला आधार पाहिजे. म्हणून जातानाचा माल सगळेच सांगतात, तुम्ही येतानाचा विचारा. तीन-चार ट्रान्सपोर्टवाल्यांकडे जाऊन बसा, परतीला काय मिळतं ते वहीत लिहा. परतीला भिंतीचाच माल जास्त असेल, तर काढता-लावता येणाऱ्या भिंतींचा ट्रेलर बघा. कंटेनर ओढायचे असतील तर पाटावर ट्विस्ट लॉक आहेत का, ते बघा.

तिसरी गोष्ट, 18 की 22 चक्का? 22 मध्ये हॉर्सला मागं दोन एक्सल, म्हणून एकूण वजन 55 टन. राष्ट्रीय महामार्गावर चार ते सहा एक्सलचा टोल एकाच गटात येतो. म्हणजे पाच एक्सलची 18 चक्का आणि सहा एक्सलची 22 चक्का, दोघांना टोल सारखाच. पण टायर चार जास्त, डिझेल जास्त, हप्ता मोठा. रोज पूर्ण भरून माल मिळणार असेल तरच 22. अर्धी भरून फिरवायची असेल तर 18 बरी.

आता जुना ट्रेलर बघायला गेलात तर :

मागं उकिडवं बसून लांब गर्डरकडे एका डोळ्यानं बघा. पोट खाली आलेलं असेल तर परत या.

नवा रंग दिसला की खाली वाका. वेल्डिंगच्या चिरा रंगाखालीच लपतात.

टायर एकाच बाजूनं झिजले असतील तर एक्सल सरळ नाही.

किंगपिन 50 मिमी आणि 90 मिमी अशा दोन मापांत येते. तुमच्या हॉर्सच्या प्लेटला कोणती लागते ते आधी बघा, मग तिची झीज तपासा.

ट्रेलरचे टायर हॉर्सच्याच मापाचे असले तर एका स्टेपनीवर काम भागतं.

चेसिस नंबर आरसीशी जुळवा. एमपरिवहन ॲपवर फिटनेस, विमा आणि फायनान्स बघा. 8 वर्षांपर्यंत फिटनेस दर 2 वर्षांनी असतो, नंतर दरवर्षी. तो खर्च आणि ते दिवस धरून किंमत बोला.

आणि एक, 45.5 च्या आत आहोत म्हणून निवांत राहू नका. 25 टनांची एकच कॉइल फार पुढं ठेवली तर एकूण वजन बरोबर, पण हॉर्सचा मागचा एक्सल 11.5 च्या वर जातो. माझ्या त्या "मजबूत" ट्रेलरचा आडवा बीम असाच एका ठिकाणी पडलेल्या वजनानं तडकला. अकरा दिवस गाडी उभी होती. हप्ता मात्र उभा राहिला नाही.

तर हिंगण्याच्या भावा, सोमवारी टोकनऐवजी त्या मालकाला म्हण, "चला, काट्यावर जाऊ." तो आला तर पुढं बोल. टाळाटाळ केली तर उत्तर मिळालं समज. आईचं सोनं तोवर कपाटातच राहू दे.

काट्याची पावती मिळाली की फोटो पाठव, पुढच्या भागात तिचाच हिशोब करू. तोवर सावकाश चालवा, झोप आली तर गाडी बाजूला लावा. भेटू!