काट्याच्या पावतीवरची इंग्रजी

श्रीगोंदा तालुक्यात, काष्टीच्या आसपास, ऊस कारखान्यावर गेला की काट्याची पावती हाती पडते. तिच्यावर ग्रॉस वेट, टेअर वेट आणि नेट वेट असे तीन आकडे असतात: भरल्या वाहनाचं वजन, रिकाम्याचं, आणि वजा जाता उरलेला निव्वळ ऊस. राज्यात 2000 सालापासून इंग्रजी पहिलीपासून आहे, त्यामुळे घरातली पोरं ही पावती सहज वाचतात. सारख्या वाटणाऱ्या इंग्रजी शब्दांबद्दलचे बरेचसे गैरसमज याच चिटोऱ्यावर दूर करता येतात.

देवनागरीत सारखं लिहिलं म्हणजे इंग्रजीतही सारखंच, हा पहिला. 'वेट' असं आपण तीन शब्द लिहितो: वजन, थांबणं आणि ओलं. यातल्या वजन आणि थांबणं यांचा उच्चार खरोखर एक आहे, स्पेलिंग तेवढं वेगळं. 'ओलं' मात्र निराळं. त्यातला ए तोकडा. वजनातला लांब आणि शेवटी इ-कडे झुकणारा. दोन्हींसाठी आपल्याकडे एकच मात्रा आहे, म्हणून चाचणी आणि चव या दोन्ही 'टेस्ट' होतात, मिळवणं आणि फाटक 'गेट'. कुकडीच्या कालव्याचं आवर्तन सुटलं की 'टेलला पाणी पोचलं का' असं विचारतात, ते शेपटीचं टेल. गोष्ट या अर्थाचं टेल त्याच्याशी तंतोतंत जुळतं, सांगणं या अर्थाचं जुळत नाही. ॲ-साठी आपण चिन्ह केलं म्हणून दुधाचा कॅन आणि कारखान्याच्या केन यार्डातला केन वेगळे राहिले. या दोन ए-कारांना ते भाग्य लाभलं नाही.

जहाज आणि मेंढी यांचे इंग्रजी शब्द पोरं एकसारखे म्हणतात, तेव्हा 'जीभच वळत नाही' म्हणून त्यांना हिणवलं जातं. हे मला अन्यायाचं वाटतं. शासनाने 1962 साली मान्य केलेल्या लेखन-नियमांत अकारान्त शब्दातला उपान्त्य इकार-उकार दीर्घ सांगितला आहे: वकील, गरीब, वीट, सून. आपल्या बोलण्याचीच ती रीत आहे. तिच्यामुळेच लाईटबिलाचं 'बील' होतं आणि शिपचं शीप. पोरं मराठीशी इमान राखूनच चुकत असतात.

उच्चार एक आणि स्पेलिंगं दोन, तेव्हा इंग्रजीत सगळा गोंधळच, मुकाट पाठ करा, असं सांगणं सर्वांत नुकसानीचं. त्या अक्षरांना इतिहास आहे. विल्यम कॅक्स्टनने 1476 साली वेस्टमिन्स्टरला छापखाना काढला, तेव्हा भेटण्याचं 'मीट' आणि मांसाचं 'मीट' वेगळे ऐकू येत. गुडघ्याच्या 'नी'मधला के आणि लिहिण्याच्या 'राईट'मधला डब्ल्यू उच्चारले जात. वजनाच्या वेटमधले जी-एच तर एकेकाळी घशातून निघत, आपल्या ख-च्या जवळपास. छपाईमुळे स्पेलिंग हळूहळू गोठलं, बोलणं मात्र बदलत राहिलं.

एका शब्दाचे अनेक अर्थ असतात हे खरं, पण पुष्कळदा ते मुळात दोन शब्दच असतात. पावतीवरचा 'टेअर' मूळचा अरबी, वजा केलेलं या अर्थाचा. फाडणं या अर्थाचा 'टेअर' तसाच ऐकू येतो, नातं काही नाही. आणि त्या फाडण्याचंच स्पेलिंग 'टिअर' असं वाचलं की अश्रू. निव्वळ वजनातला 'नेट' फ्रेंचमधून स्वच्छ या अर्थाने आला, तर शेडनेटमधला आणि इंटरनेटमधला नेट म्हणजे जाळं. उसाचं बिल आणि विधिमंडळातलं बिल हा एक शब्द. पक्ष्याच्या चोचीचं बिल दुसरा. चांगल्या शब्दकोशात अशा शब्दांना 1, 2 असे आकडे घालून स्वतंत्र नोंदी दिलेल्या असतात.

सरावही म्हणून दोन तऱ्हांचा लागतो. ओलं आणि वजन यांतला फरक कानाने कळतो. ते शब्द मोठ्याने, पुन्हा पुन्हा ऐकवावे लागतात. वजन आणि थांबणं कितीही ऐकवले तरी वेगळे होणार नाहीत, तिथे इंग्रजांची मुलंही चुकतात. ते वाक्यात घालून लिहूनच घ्यावे लागतात.