गल्ल्यात न दिसणारे नाणे

अर्धा डॉलर, म्हणजे पन्नास सेंटचे नाणे, अमेरिकेच्या रोजच्या व्यवहारात आज क्वचितच दिसते. तिथल्या बहुतेक दुकानांच्या गल्ल्यात त्याला वेगळा खणही नसतो. संग्राहकांच्या दृष्टीने ही सोयच झाली, कारण जी नाणी फारशी हाताळलीच गेली नाहीत त्यांच्यावरचे बारकावे टिकून राहिले.

या नाण्यावर जॉन केनेडी यांचा चेहरा आहे. २२ नोव्हेंबर १९६३ रोजी त्यांची हत्या झाली आणि वर्ष संपायच्या आत, ३० डिसेंबरला, नव्या नाण्याचा कायदाही झाला. त्यासाठी पाव डॉलरवरून वॉशिंग्टन यांना हटवणे जॅकलिन केनेडी यांना प्रशस्त वाटत नव्हते, म्हणून अर्ध्या डॉलरवरच्या बेंजामिन फ्रँकलिन यांची जागा केनेडींना मिळाली. दर्शनी बाजू गिल्रॉय रॉबर्ट्स यांनी घडवली, तर मागच्या बाजूचा गरुड फ्रँक गॅस्पारो यांनी. मार्च १९६४ मध्ये नाणी बाहेर पडली तेव्हा ती घ्यायला रांगा लागल्या. पहिल्या वर्षाच्या तारखेची सुमारे ४३ कोटी नाणी पाडली गेली, तरी बाजारात ती फिरली नाहीत. लोकांनी आठवण म्हणून ती घरातच ठेवून दिली. मानेच्या कापावरची रॉबर्ट्स यांची आद्याक्षरे काहींना चक्क विळा-हातोडा वाटली, आणि सरकारला त्याचा खुलासा करावा लागला!

ओळख पटवताना आधी धातू पाहतात. १९६४ च्या नाण्यात ९० टक्के चांदी असून वजन १२.५ ग्रॅम आहे. १९६५ ते १९७० या काळात चांदी ४० टक्क्यांवर आणि वजन ११.५ ग्रॅमवर आले. १९७१ पासून रोजच्या नाण्यातली चांदी संपली. आत तांबे, वर तांबे-निकेलचा थर आणि वजन ११.३४ ग्रॅम, अशी रचना आली. कड पाहिली की मधली तांबूस रेघ लगेच दिसते. मात्र १९७७ साली डेन्व्हरच्या टांकसाळीत काही नाणी चुकून चांदीच्या चकत्यांवर पडली. देशाच्या द्विशताब्दीनिमित्त काढलेल्या चांदीच्या नाण्यांसाठीच्या या उरलेल्या चकत्या असाव्यात. अशी नाणी मोजकीच सापडली आहेत. ती हेरायला नुसता काटा पुरत नाही, कारण वजनातला थोडाफार फरक टांकसाळही चालवून घेते. कड राखाडी दिसते की तांबूस, हेही पाहावे लागते.

नाणे कुठे पाडले हे टांकसाळचिन्हावरून कळते. मुंबईच्या टांकसाळीची खूण जशी सालाखालचा चौकटीच्या आकाराचा छोटा ठिपका, तशी डेन्व्हरची ‘डी’ आणि सॅन फ्रान्सिस्कोची ‘एस’. १९६४ मध्ये डेन्व्हरची खूण मागच्या बाजूला होती. १९६५ ते १९६७ मध्ये खूणच नव्हती, आणि १९६८ पासून ती पुढे, चेहऱ्याखाली आली.

खरी मौज ठशांच्या फरकांत आहे. सर्वांत प्रसिद्ध फरक १९६४ च्या ‘प्रूफ’ नाण्यांचा. प्रूफ म्हणजे घासूनपुसून चकचकीत केलेल्या ठशांनी खास संग्राहकांसाठी पाडलेले, आरशासारखे नाणे. सुरुवातीच्या ठशात केनेडींच्या कानावरच्या केसांच्या बटा खोल आणि ठसठशीत होत्या. जॅकलिन यांना त्या आवडल्या नाहीत असे सांगतात, आणि ठसा बदलला गेला. त्या वर्षीच्या साडेएकोणचाळीस लाख प्रूफ नाण्यांपैकी जेमतेम एक ते तीन टक्के नाणी जुन्या केसांची असावीत. केसांवरून खात्री होत नसेल तर भिंगाखाली ‘लिबर्टी’ शब्दातला ‘आय’ पाहतात. जुन्या ठशात त्या अक्षराच्या पायाची डावी बाजू तुटकी दिसते.

दुसरा फरक दुहेरी ठशाचा. ठसा तयार करताना मूळ छाप पोलादावर एकापेक्षा जास्त वेळा दाबली जात असे. दुसऱ्या वेळी ती केसभर जरी सरकली, तरी त्या ठशातून निघालेल्या प्रत्येक नाण्यावर अक्षरे जोडीने उमटतात. १९७४ च्या डेन्व्हरच्या नाण्यावर ‘इन गॉड वुई ट्रस्ट’ ही अक्षरे अशीच दुहेरी आहेत. नवशिके मात्र इथेच फसतात. नाणे पाडताना यंत्रात सैल ठसा हलला तरी अक्षरापाशी पायरीसारखी सपाट सावली पडते. तिला काहीच जादा किंमत नाही.

तिसरा फरक न उमटलेल्या अक्षरांचा. फिलाडेल्फियाच्या १९८२ च्या काही नाण्यांवर गरुडाच्या पाय-शेपटीजवळची गॅस्पारो यांची ‘एफजी’ ही आद्याक्षरे नाहीत. ठसा प्रमाणाबाहेर घासला गेल्याने ती पुसली गेली.

काही नाणी मुळातच कमी पाडली गेली. १९७० ची डेन्व्हरची २१.५ लाख नाणी फक्त टांकसाळीच्या संचातून विकली गेली. १९९८ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत पाडलेले निस्तेज पृष्ठाचे चांदीचे नाणे रॉबर्ट केनेडी यांच्या स्मारक डॉलरबरोबरच मिळत असे, आणि ते ६२ हजारांच्या आसपासच आहे. १९७५ सालाचे नाणे मात्र कोणी शोधू नये. त्या वर्षी ‘१७७६–१९७६’ अशी जोडतारीख वापरली होती.

एकच छाप असलेल्या दोन नाण्यांच्या किमतीत जमीन-अस्मानाचा फरक पडतो तो अवस्थेमुळे. तपासणी संस्था १ ते ७० अंकांत प्रत ठरवतात आणि नाणे पारदर्शक डबीत बंद करतात. घासून चमकवलेले नाणे त्यांच्या लगेच लक्षात येते, म्हणून जाणकार मळकट नाणेही घासूनपुसून साफ करत नाहीत.

बाकी शोध बँकेतच चालतो. दहा डॉलर दिले की वीस नाण्यांचे पुडके मिळते. घरी ते उघडायचे, कडा आणि आद्याक्षरे तपासायची, हवे ते ठेवून उरलेले परत भरायचे. काहीजण तपासलेल्या नाण्यावर शाईचा ठिपका देतात, म्हणजे तेच नाणे पुन्हा हाती आले तर वेळ वाया जात नाही.