पळसाचा रंग आणि पाचवी प्लेट

मी कविता लिहितो, पण पोट भरतं ते डीटीपीवर. अमरावतीत लग्नपत्रिका, उरुसाची पोस्टरं, गणेश मंडळांचे अहवाल आणि कवितासंग्रहांची मुखपृष्ठं करता करता पंचवीस वर्षं गेली. कवितेत रंगाला पैसे पडत नाहीत. ‘डाळिंबी सांज’ लिहिलं की आपलं काम झालं, ज्यानं त्यानं आपल्या मनातलं डाळिंब फोडावं! छपाईत तसं चालत नाही. तिथं डाळिंबी म्हणजे नेमका कोणता, हे ठरवून, लिहून द्यावं लागतं. ते मी एकदा नीट केलं नाही आणि त्याचा भुर्दंड भलत्यांनाच पडला. ती गोष्ट आज सांगतो.

मूर्तिजापूरकडच्या एका खेड्यातला महिला बचत गट मिरचीचं तिखट करून विकतो. त्याच्या कागदी खोक्याचं डिझाइन माझ्याकडे आलं. गटाच्या ताई म्हणाल्या, ‘भाऊ, रंग पळसाच्या फुलासारखा पायजे. फागुनात धुऱ्यावर पेटते ना, तसा!’ मग अकोल्याच्या एका छापखान्यात दोनच रंगांत काम केलं. एक पळसाचा, दुसरा काळा. खोकी झकास उतरली. आठवडी बाजारात लोक नाव न वाचता ‘ते पळसवालं तिखट द्या’ म्हणू लागले.

दुसऱ्या खेपेला खोक्यावर मिरच्यांचा रंगीत फोटो हवा होता. मी तो टाकला, फाइल तयार केली आणि अमरावतीतून अकोल्याला पाठवून दिली. दोन हजार खोकी छापून आली, ती मळकट, पिवळट नारिंगी रंगाची. दुकानदार म्हणाला, ‘ताई, हा माल डुप्लिकेट दिसते. आधीचा रंग असा नोयता.’ तिखट तेच, कांडणारे हात तेच. पण माल परत आला. ऐन हंगामात बायांचा पैसा अडकला.

मी तावातावानं छापखान्यात गेलो. मशीनमननं शांतपणे माझीच फाइल उघडून दाखवली. ‘भाई, चार रंगांत हा रंग येतच नाही. तुम्ही पाचवी प्लेट देलीच कुठं?’ चूक माझीच होती.

ही पाचवी प्लेट काय भानगड आहे, ते आता पाहू.

रंगीत फोटो छापताना यंत्रात शेकडो रंग नसतात. चारच शाया असतात. निळसर सायन, गुलाबीकडचा मॅजेंटा, पिवळा आणि काळा. घरातल्या एखाद्या रंगीत मासिकावर भिंग धरून बघा. चार रंगांचे बारीक ठिपके शेजारी शेजारी, एकमेकांवर पडलेले दिसतील. आपला डोळा ते ठिपके एकत्र करतो आणि आपल्याला हिरवा, जांभळा, गव्हाळ दिसतो. ही चाररंगी छपाई.

दुसरी पद्धत जुनी आणि सरळ आहे. हवा तो रंग आधीच शाईत कालवायचा, डब्यात भरायचा आणि त्याची स्वतंत्र प्लेट करून छापायचा. इथं ठिपक्यांची जुळवाजुळव नाही, भरीव रंग बसतो. संगणकावर याला स्पॉट कलर म्हणतात, आपल्याकडचे छापखानेवाले ‘स्पेशल कलर’ म्हणतात. राजा रविवर्मा यांनी १८९४ साली मुंबईत शिळाछापखाना काढला, तो पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. आपल्या आजीच्या देवघरातली लक्ष्मी आणि सरस्वती त्या छपाईतली. तिथंही दर रंगासाठी वेगळा दगड तयार करून, एकावर एक रंग चढवत चित्र पुरं करीत. म्हणजे एक रंग, एक दगड. आजच्या स्पॉट कलरचा हिशोब तोच आहे, फक्त दगडाच्या जागी प्लेट आली.

काही रंग चार शायांच्या आवाक्यातच नसतात. सोनेरी, चंदेरी, रेडियमसारखे चमकणारे रंग तर सोडाच. झगझगीत नारिंगीही त्यांना झेपत नाही. मॅजेंटा आणि पिवळा मिळून नारिंगी होतो खरा, पण त्यात पळसाचा विस्तव नसतो. संगणकाचा पडदा हे सांगत नाही. पडदा प्रकाशानं रंग दाखवतो, कागद शाईनं. म्हणून पडद्यावरचा रंग साक्षीला चालत नाही.

मग अमरावतीच्या माणसानं अकोल्याच्या माणसाला रंग कळवायचा कसा? यासाठी अमेरिकेतल्या पँटोन कंपनीनं १९६३ साली लॉरेन्स हर्बर्ट यांच्या पुढाकारानं रंगांची एक पद्धत बाजारात आणली. पंख्यासारखी उघडणारी रंगपट्टी, प्रत्येक रंगाला क्रमांक आणि तो रंग कोणत्या मूळ शाया किती प्रमाणात मिसळून होतो, याची कृती. आमच्या पळसासाठी मी निवडला होता ‘ऑरेंज ०२१’. हा रंग त्या पद्धतीतली एक मूळ शाईच आहे. चार रंगांत तो तसा उतरत नाही, असं अनुभवी मशीनमन झोपेतही सांगेल.

क्रमांकापुढचं अक्षरही महत्त्वाचं. ‘सी’ म्हणजे गुळगुळीत आर्ट पेपर, ‘यू’ म्हणजे साधा, शाई पिणारा कागद. शाई तीच असते, पण कागद बदलला की रंग वेगळा दिसतो. साध्या कागदावर छापायचं आणि पट्टी आर्ट पेपरची बघायची, हे लग्न जमायचं नाही.

आता माझी चूक. डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये स्पॉट कलर हा एका नावानं ओळखला जातो. एक नाव, एक प्लेट. पीडीएफ करताना ‘सगळे रंग चाररंगीत बदला’ अशा अर्थाची एक खूण असते. फोटो होता म्हणून मी ती सहज केली. त्या क्षणी ‘ऑरेंज ०२१’ हे नाव पुसलं गेलं आणि त्याच्या जागी मॅजेंटा-पिवळ्याचे ठिपके आले. पडद्यावर मला फारसा फरक दिसला नाही.

उलट चूकही होते. एका फाइलमध्ये रंगाचं नाव ‘सी’ लावून, दुसरीकडून आणलेल्या बोधचिन्हात तेच नाव ‘यू’ लावून. आपल्याला रंग एकच दिसतो, यंत्राला दोन नावं दिसतात आणि दोन प्लेटा निघतात. म्हणून फाइल पाठवण्याआधी सेपरेशनचा प्रिव्ह्यू उघडून प्लेटा मोजाव्यात. दोनरंगी कामात दोनच हव्यात. तिसरी दिसली, तर कुठंतरी घोळ आहे. सावली, पारदर्शकता असे इफेक्ट दिले असतील तर पुन्हा तपासावं, कारण तिथंही स्पॉट रंग गुपचूप चाररंगीत जाऊ शकतो.

आणि केवळ नावावरही विसंबू नये. २०२२ च्या अखेरीस अडोबी कंपनीच्या सॉफ्टवेअरमधून पँटोनचे बरेचसे रंगसंच काढले गेले. ते हवे असतील तर वेगळी वर्गणी भरा, असं ठरलं. फोटोशॉपमधल्या काही जुन्या फाइली उघडल्या, तर त्या रंगांच्या जागी काळं दिसू लागलं! तेव्हापासून मी प्रत्येक स्पॉट रंगाची लॅब मूल्यं वहीत उतरवून ठेवतो. लॅब म्हणजे रंगाचा उजेड, लाल-हिरवेपणा आणि पिवळा-निळेपणा सांगणारे तीन आकडे. ते कोणत्याही एका छापखान्याच्या शायांवर अवलंबून नसतात.

पण सगळ्यांत भरवशाचा असतो छापलेला नमुना. आमचे चाचा अमरावतीत ओढण्या रंगवीत. गिऱ्हाईक कितीही घाईत असो, ते चिंधी आणि ओढणी घेऊन दुकानाबाहेर ओट्यावर यायचे आणि दिवसाच्या उजेडात दोन्ही शेजारी धरायचे. बल्बखाली जुळलेले रंग बाहेर आल्यावर फारकत घेतात, हे त्यांना पुस्तकाविना ठाऊक होतं. छपाईच्या शास्त्रातही रंग जुळवायला पाच हजार केल्विनचा, म्हणजे दिवसाच्या उजेडाजवळचा प्रकाश ठरवून दिला आहे. नमुना मात्र उन्हात ठेवू नये. पँटोनची पट्टीसुद्धा वर्ष-दीड वर्षानं बदला, असं कंपनीच सांगते. कागद पिवळा पडतो, शाई उडते.

बचत गटाची खोकी मी पदरमोड करून पुन्हा छापून घेतली. फोटो ठेवून पाच प्लेटा करता आल्या असत्या, पण खर्च वाढला असता. ताईच म्हणाल्या, ‘फोटो राहू द्या जी, रंग ठेवा.’ मग मिरच्या काळ्या रेषांनी काढल्या आणि आतल्या भागात पळसाच्याच शाईची चाळीस टक्के छटा भरली. प्लेटा दोनच, पण डोळ्याला रंग तीन दिसतात. पहिला कागद यंत्रातून निघाला तेव्हा मी जुनं खोकं घेऊन गेलो होतो. मशीनमननं दोन्ही उचलली आणि न बोलता अंगणात आला.

त्या कागदाचा एक तुकडा त्याची सही आणि तारीख घेऊन मी लिफाफ्यात ठेवला आहे, दुसरा त्याच्याकडे आहे. आता खोकी संपली की ताई फोनवर एवढंच सांगतात, ‘भाऊ, लिफाफ्यातला रंग.’