कोऱ्या पानाचा शोधनिबंध

इंटरनेटवर वाचलेलं सगळ्यात आवडतं काय, असं कुणी विचारलं की माझं उत्तर ठरलेलं असतं. एक शोधनिबंध. आणि त्या निबंधात एकही वाक्य नाही!

'जर्नल ऑफ अप्लाइड बिहेवियर अ‍ॅनालिसिस' या अमेरिकेतल्या नामांकित नियतकालिकात १९७४ साली तो छापून आला. आज तो कुणालाही फुकट उघडून पाहता येतो. लेखक डेनिस अपर, मॅसॅच्युसेट्समधल्या ब्रॉकटनच्या इस्पितळातले मानसशास्त्रज्ञ. लिहायला बसलं की काही म्हणता काही सुचत नाही, या दुखण्यावर आपण स्वतःवरच उपचार केले आणि ते फसले, एवढं शीर्षकातून कळतं. शीर्षकाखाली लेखकाचं नाव, इस्पितळाचं नाव, आणि मग पांढराशुभ्र कागद.

पान जरा नीट पाहा. शीर्षकाला तळटीपेचा आकडा आहे. ती टीप सांगते की या निबंधातला काही भाग १९७३ च्या माँट्रियल इथल्या परिषदेत सादर केला गेला नव्हता. अशा टिपेत एरवी 'सादर केला होता' असं असतं. इथे फक्त एक नकार घातलाय आणि वाक्य शंभर टक्के खरं झालंय! निबंधाच्या प्रती कुठून मागवाव्यात, तो पत्ताही शिस्तीत दिलेला आहे. शास्त्राचा सगळा रिवाज इथे काटेकोर पाळलाय, म्हणून तर हसू फुटतं. नुसता कोरा कागद कुणाला हसवत नाही.

खाली परीक्षकाचा अभिप्राय छापलाय, आणि माझ्या मते खरी प्रतिभा तिथेच आहे. परीक्षक म्हणतात की हस्तलिखित मी लिंबाचा रस आणि क्ष-किरण वापरून तपासलं, एकही दोष सापडला नाही. लिंबाच्या रसाने लिहिलेलं वाळलं की दिसेनासं होतं. कागद तापवला की रसातली सेंद्रिय द्रव्यं करपून तपकिरी होतात आणि अक्षरं उमटतात. म्हणजे परीक्षकांनी गुप्त मजकुराचीही शक्यता सोडली नाही! पुढे ते म्हणतात की हे अपयश दुसऱ्या कुणाला पुन्हा करून बघायचं असेल, तर लागणारा सगळा तपशील यात आहे.

आणि लोकांनी ते खरंच करून बघितलं. २००७ साली याच नियतकालिकात वेगवेगळ्या देशांतल्या संशोधकांनी मिळून अपर यांचा प्रयोग पुन्हा केला. निकाल तोच. पान कोरं.

ही गंमत मला इतकी मोलाची वाटते, कारण फसलेला प्रयोग सहसा छापलाच जात नाही. मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट रोझेन्थाल यांनी १९७९ साली याला टेबलाच्या खणाची अडचण म्हटलं. समजा, एक औषध अगदी निरुपयोगी आहे आणि ते वीस प्रयोगशाळा तपासतात. शंभरात पाच वेळा निव्वळ योगायोगाने गुण दिसू शकतो, एवढी सूट शास्त्रात सहसा चालवून घेतली जाते. तेव्हा सरासरी विसातल्या एका प्रयोगशाळेला ते औषध लागू पडल्यासारखं वाटेल. तिचा निबंध छापला जातो, बाकीच्या एकोणीस जणींची टिपणं खणात जातात. वाचणाऱ्याच्या हाती राहतो तो एक निबंध, आणि तोच चुकीचा. कुणीही खोटं बोललेलं नसतं, तरी! हे कळल्यापासून 'संशोधनातून सिद्ध झालं आहे' हे शब्द दिसले की माझ्या मनात आधी खण उघडतो.

स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०१४ साली 'सायन्स'मध्ये हे खण मोजून दाखवले. समाजशास्त्रांतल्या दोनशेहून अधिक प्रयोगांचा त्यांनी माग काढला. ज्यांतून काहीच निष्पन्न झालं नव्हतं, त्यांतले जवळपास दोन तृतीयांश कुणी लिहूनसुद्धा काढले नव्हते. संपादकांनी परत पाठवण्याचा प्रश्नच आला नाही. संशोधकांनी आपल्या हाताने खण बंद केला होता.

माणसांच्या बायोडेटाचंही तेच. मिळालेल्या नोकऱ्या आणि शिष्यवृत्त्या त्यात दिसतात, हुकलेल्या दिसत नाहीत. त्यामुळे पाहणाऱ्या तरुण संशोधकाला वाटतं, नकार येतो तो आपल्या एकट्यालाच. मेलनी स्टीफन या संशोधिकेने २०१० साली 'नेचर'मध्ये सुचवलं, आपल्या अपयशांचा वेगळा बायोडेटा लिहून ठेवावा. तेव्हा प्रिन्स्टन विद्यापीठात असलेल्या योहानेस हाउसहोफर यांनी तो लिहिला आणि २०१६ मध्ये सगळ्यांसाठी खुला केला: कुठे प्रवेश नाकारला गेला, कोणत्या नोकऱ्या मिळाल्या नाहीत, कोणते निबंध परत आले, सगळं सालवार. तो जगभर फिरला. मग त्यांनी यादीत आणखी एका अपयशाची भर घातली. आजवरच्या आपल्या सगळ्या संशोधनाकडे मिळून जेवढं लोकांचं लक्ष गेलं नसेल, त्याहून कितीतरी जास्त या यादीकडे गेलं, अशी ती नोंद आहे.