वीजगृहाचे दालन आणि निनादाचे गणित

परभणी जिल्ह्यातील जिंतूर तालुक्यात पूर्णा नदीवर येलदरीचे धरण आहे. तेथील वीजगृहात साडेसात मेगावॅटचे तीन संच १९६८ सालापासून आहेत. असे एखादे वीजगृह आतून पाहण्याची परवानगी मिळाली, तर विद्यार्थ्यांना एक प्रश्न अवश्य विचारावा. यंत्रे जमिनीवर, माणसे जमिनीवर, मग छत इतके उंच कशासाठी?

उत्तर छताखालीच असते. जनित्राचा फिरणारा भाग कित्येक टन वजनाचा असतो. दुरुस्तीसाठी तो अख्खा उचलावा लागतो आणि शेजारच्या संचांवरून मोकळ्या जागेत न्यावा लागतो. हे काम यारी, म्हणजे क्रेन, करते. ती दोन्ही बाजूंच्या रुळांवरून दालनाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत धावते, म्हणून मध्ये एकही खांब चालत नाही. जमिनीखालचा पायाही तसाच भक्कम लागतो. यंत्रे काढून नेली की उरते ते लांब, उंच, बिनखांबी दालन. गावाला सभागृह बांधायचे असते तेव्हा नेमके हेच हवे असते.

यंत्रे जातात मात्र मुख्यतः कोळशाच्या वीजगृहांतून. शेजारच्या बीड जिल्ह्यातील परळीचे ३० मेगावॅटचे पहिले दोन संच १९७१ आणि १९७२ मधले. ते केव्हाच निवृत्त झाले. बाष्पक जुना झाला की जुन्या संचात त्याच कोळशातून वीज कमी मिळते आणि खर्च परवडेनासा होतो. जलविद्युतगृहाचे आयुष्य मोठे असते. खोपोलीचे वीजगृह १९१५ पासून चालूच आहे. यंत्रे बदलली, जागा तीच. तेव्हा येलदरीचे दालन सभेसाठी मिळेल म्हणून कोणी वाट पाहू नये!

रिकामे झालेले वीजगृह लोकांसाठी उघडल्याची उदाहरणे परदेशात आहेत. लंडनचे बँकसाइड वीजगृह १९८१ साली बंद पडले आणि २००० साली तेथे टेट मॉडर्न हे कलासंग्रहालय सुरू झाले. टर्बाइनच्या ३,४०० चौरस मीटरच्या दालनात आता प्रदर्शने भरतात. रोममध्ये १९१२ सालच्या माँटेमार्टिनी वीजगृहात डिझेल इंजिने जागेवरच ठेवून १९९७ साली त्यांच्या शेजारी प्राचीन संगमरवरी पुतळे मांडले गेले. आपल्याकडची नोंद वेगळी आहे. परभणी ज्या हैदराबाद संस्थानात होती, त्याच्या राजधानीत हुसेनसागरच्या काठी १९२० साली सुरू झालेले वीजगृह १९९० च्या दशकात पाडले गेले. ठाकुर्लीचे चोळा वीजगृह जी.आय.पी. रेल्वेने विजेच्या गाड्यांसाठी उभारले होते. तेही १९८० च्या दशकात बंद झाले आणि त्याचे सभागृह काही झाले नाही.

पाडण्याच्या बाजूनेही कारणे असतात. वाफेच्या जुन्या नळ्यांवर ॲस्बेस्टॉसचे वेष्टन असते, जुन्या रोहित्रांच्या तेलात घातक रसायने असू शकतात. ती जाणकारांकडून काढून घेतल्याशिवाय आत पाऊलही टाकू नये. हे काम खर्चाचे आहे. त्यानंतर जी अडचण उरते, ती मात्र शाळेच्या गणिताने समजते.

समजा दालन ४० मीटर लांब, १५ मीटर रुंद आणि १५ मीटर उंच आहे. घनफळ ९,००० घनमीटर, भिंती, छत व जमीन मिळून क्षेत्रफळ २,८५० चौ.मी. गुळगुळीत काँक्रीट आणि गिलावा आपल्यावर पडलेल्या ध्वनीचा जेमतेम विसावा भाग शोषतात, असे धरू. म्हणजे एकूण शोषण सुमारे १४२ चौ.मी. हार्वर्ड विद्यापीठातील वॉलेस सॅबिन यांना १८९५ साली एक निरुपयोगी ठरलेले व्याख्यानगृह सुधारायला सांगितले गेले. त्यांनी शेजारच्या नाट्यगृहातील आसनांच्या गाद्या रात्री आणून मांडल्या, ऑर्गनची नळी वाजवली आणि घड्याळ लावून आवाज विरायला लागणारा वेळ मोजला. त्यातून सूत्र मिळाले : निनादकाल = ०.१६ × घनफळ ÷ एकूण शोषण.

आपल्या दालनासाठी उत्तर येते १० सेकंद. भाषणासाठी हा काळ एका सेकंदाच्या आसपास हवा. येथे वक्त्याचे पहिले वाक्य विरण्याआधीच तिसरे येऊन त्यावर आदळेल. अशा वेळी संयोजक ध्वनिक्षेपक मोठा करतात. त्याने शब्द वाढतो आणि त्याचा निनादही तेवढाच वाढतो. कळत काहीच नाही. पत्र्याच्या मंगल कार्यालयात हा अनुभव कोणाला आलेला नाही?

श्रोते स्वतः चांगले शोषक असतात. एक माणूस सुमारे ०.४५ चौ.मी. इतके शोषण करतो असे धरले, तर ४०० माणसे बसल्यावर निनादकाल साडेचार सेकंदांवर येतो. शिवाय ६०० चौ.मी. भिंतीवर निम्मा ध्वनी शोषणारे जाड पडदे लावले, तर सुमारे २.४ सेकंद. संगीताच्या मैफलीला एवढा चालेल. भाषणासाठी अजून छताखाली काही टांगावे लागेल आणि त्यासाठी यारीची तुळई आयतीच आहे.

हे शाळेतही मोजता येते. रिकाम्या सभागृहात फुगा फोडून आवाज ऐकू येईनासा होईपर्यंतचा वेळ तीन-चार विद्यार्थ्यांनी स्वतंत्रपणे मोजावा व सरासरी काढावी. मग मुले बसवून पुन्हा मोजावा. लांबी-रुंदी टेपने मोजून सूत्राचे उत्तर शेजारी मांडावे. दोन्ही आकडे तंतोतंत जुळणार नाहीत, कारण कान शेवटचा क्षीण आवाज सोडून देतो आणि उघड्या खिडक्यांतून पुष्कळ ध्वनी निघून जातो. उघड्या खिडकीचे शोषण किती धरावे, हे विद्यार्थ्यांनाच ठरवू द्यावे.