मोठा मॉनिटर घेताना

'आचार्यांना' आणि 'आचाऱ्यांना' या दोन शब्दांत फरक फक्त अर्ध्या 'र'चा. पण पहिला शब्द गुरुजींसाठी, दुसरा स्वयंपाक्यांसाठी! मंडळाच्या ई-अंकाचं मुद्रितशोधन मी डेस्कटॉपवर करतो. लहान पडद्यावर अख्खं पान बसवलं की अक्षरं बारीक होतात आणि नेमके असले फरक नजरेतून सुटतात. अक्षर मोठं केलं, तर पान दिसत नाही. म्हणून मोठ्या मॉनिटरचा अभ्यास केला. आपल्यापैकी अनेकांकडे जुना डेस्कटॉप आहे. त्यांना उपयोग होईल.

पहिली गोष्ट, इंच म्हणजे कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंतचं तिरपं माप. साडेअठरा इंची रुंद पडद्याची उंची जेमतेम २३ सेंमी. एफोर कागद २९.७ सेंमी उंच. २४ इंची पडदा सुमारे ३० सेंमी उंच आणि ५३ सेंमी रुंद असतो. म्हणजे दोन पानं शेजारीशेजारी ठेवता येतात. मेनूपट्ट्या थोडी जागा खातात, तेवढं चालायचंच.

पण नुसते इंच बघू नका. पडद्यावर ठिपके किती, तेही बघा. १९२० बाय १०८० ठिपके २४ इंचांत असले, तर एका इंचात साधारण ९२ बसतात. तेवढेच ठिपके २७ इंचांवर पसरले की ८२च उरतात. पडदा मोठा होतो, पण जोडाक्षरांच्या कडा खडबडीत दिसतात. २७ इंची घ्यायचाच, तर २५६० बाय १४४० चा घ्यावा. मात्र जुना कॉम्प्युटर तेवढं झेपवेलच असं नाही, ते आधी तपासा.

आता जोडणी. निपाणीला किंवा इचलकरंजीला खरेदीला निघण्याआधी कॉम्प्युटरच्या मागच्या बाजूचा मोबाईलवर फोटो काढा. १५ छिद्रांचं, बहुधा निळं, ते व्हीजीए. चपटं, खालून निमुळतं, ते एचडीएमआय. एकच कोपरा कापलेला, तो डिस्प्लेपोर्ट. दोन्हीकडे एचडीएमआय असेल तर प्रश्नच मिटला. कॉम्प्युटरला फक्त व्हीजीए असेल, तर व्हीजीए असलेलाच मॉनिटर शोधा. नाहीतर सिग्नल बदलणारा कन्व्हर्टर लागतो. साध्या केबलनं काम होत नाही. वेगळं ग्राफिक्स कार्ड असेल, तर केबल कार्डलाच लावा. पुष्कळदा 'मॉनिटर बिघडला' म्हणतात तेव्हा केबल चुकीच्या जागी असते, बाकी काही नाही.

दुकानात पेनड्राइव्हवर आपल्या अंकाची पीडीएफ न्या आणि तीच उघडून बघा. सिनेमा कुठल्याही पडद्यावर छान दिसतो; मराठी मजकूर दिसेलच असं नाही.

घरी जोडल्यावर डिस्प्ले सेटिंगमध्ये 'रेकमेंडेड' लिहिलेलं रिझोल्यूशन निवडा. अक्षरं बारीक वाटली, तर रिझोल्यूशन कमी करू नका, मजकूर धूसर होतो. त्याऐवजी स्केल १२५ टक्के करा. पडद्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत आणि पडदा हातभर लांब ठेवा. खिडकीचा उजेड त्यावर पडू देऊ नका.

आणि जुना मॉनिटर भंगारात घालू नका. कॉम्प्युटरला दोन पोर्ट चालू असतील, तर तोही जोडा. विंडोजची कळ आणि 'पी' दाबून 'एक्स्टेंड' निवडा. जुन्यावर लेखकाची मूळ प्रत, नव्यावर लावलेलं पान. ओळीला ओळ ताडून बघायला याहून सोपी सोय नाही.